घरच्या फिश टँकसाठी स्वतः पार्श्वभूमी तयार करताना : खानदेशातील मत्स्यप्रेमींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीच्या मागच्या काचेवर खडकाचा किंवा कपारींचा देखावा स्वतः घडवण्याची हौस जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वाढत आहे. त्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक सूचना मात्र थंड किंवा दमट प्रदेशातल्या अनुभवावर बेतलेल्या असतात. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि शेतीच्या घरांत सर्रास आढळणारी औषधे यांचा विचार त्यांत नसतो. पार्श्वभूमी एकदा टाकीत बसली की ती पाण्याचाच भाग होते आणि मासे वर्षानुवर्षे तिच्या सान्निध्यात श्वास घेतात; म्हणून खालील उत्तरांत देखण्या रूपापेक्षा तिच्या निर्धोकपणाला अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी केवळ शोभेसाठी असते का?

नाही. चारही बाजूंनी उघडी असलेली काचेची टाकी माशाला आडोसा देत नाही. मागून उजेड आणि माणसांची हालचाल दिसत राहिली, तर अनेक जाती बिथरतात, कोपऱ्यात दडून राहतात आणि खाणे कमी करतात. मागची बाजू बंद आणि गडद झाली, की त्यांना एका बाजूने तरी सुरक्षितता लाभते. शिवाय बऱ्याच माशांच्या त्वचेतील रंगपेशींमधले रंगकण भोवतालच्या छटेनुसार एकवटतात किंवा पसरतात. पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीसमोर तोच मासा निस्तेज दिसतो आणि काळ्या किंवा गडद तपकिरी पार्श्वभूमीसमोर त्याचा रंग भरून येतो. दुकानात मिळणाऱ्या भडक निळ्या चित्रांपेक्षा साधा काळा रंग अधिक चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकीत आधीच मासे आहेत. ती रिकामी न करता काही करता येईल का?

होय, पण फक्त काचेच्या बाहेरून. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये हात फिरण्याइतकी जागा असेल, तर मागच्या काचेची बाहेरील बाजू स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढावा आणि पाण्यात मिसळणाऱ्या काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. पुढेमागे रंग नकोसा झाला, तर तो ब्लेडने खरवडून निघतो. भरलेली टाकी सरकवण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. तीन फुटी टाकीत पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी असते, आणि तेवढे वजन ढकलताना काचांचे सांधे ताणले जातात.

छापील चित्र लावायचे असल्यास ते नुसते चिकटपट्टीने लावू नये. काच आणि कागद यांच्यामध्ये हवा राहिली, की समोरून चंदेरी ठिपके दिसतात आणि चित्र पुसट वाटते. काचेवर ग्लिसरिनचा अगदी पातळ थर देऊन त्यावर प्लास्टिकचे चित्र ठेवावे आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून कडांकडे हवा काढत जावे.

बाहेरून एक इंच जाडीचे थर्माकोल लावणे हाही चांगला उपाय आहे. थर्माकोल उष्णता रोखते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगत टाकी असेल, तर दुपारी मागच्या काचेतून येणारी उष्णता त्यामुळे कमी होते आणि धुळ्याकडच्या कडाक्याच्या थंडीत टाकीची ऊब टिकते.

टाकीच्या आत खडकाचा देखावा करायचा आहे. कोणते थर्माकोल घ्यावे? त्यावर बंदी आहे ना?

महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे, वाट्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आली. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत पूर्वी मिळायचे तसे कोरे तक्ते शोधत बसू नये. फ्रिज, दूरदर्शन संच किंवा धुलाई यंत्र यांच्या खोक्यांतून आलेले पॅकिंगचे तुकडे घरोघरी माळ्यावर पडून असतात. ते पुन्हा कामास येणे हे कचऱ्यात जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

त्याहून सरस साहित्य म्हणजे गच्चीवर उष्णता रोखण्यासाठी अंथरतात ते एक्सपीएसचे (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिनचे) दाट, बहुधा रंगीत तक्ते. त्यांत साध्या थर्माकोलसारखे सुटे दाणे नसतात, त्यामुळे ते स्वच्छ कापले जातात, चुरा कमी होतो आणि कडांना धार येते. त्यांचा गुळगुळीत पृष्ठभाग मात्र तारेच्या ब्रशने खरखरीत करून घ्यावा लागतो, नाहीतर सिमेंट धरत नाही. आपल्याकडच्या उन्हामुळे अशा तक्त्यांचा वापर वाढला आहे. बांधकामाच्या ठिकाणी उरलेले तुकडे मागितले, तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

कापण्याचे काम अंगणात, वारा नसताना करावे आणि उडालेला प्रत्येक दाणा गोळा करावा. हे दाणे गुरांच्या चाऱ्यात किंवा गटारात जाता कामा नयेत. तापलेल्या तारेने किंवा ज्योतीने थर्माकोल वितळवून आकार देणे सोपे वाटते, पण त्यातून निघणारा धूर हानिकारक असतो. बंद खोलीत ते काम मुळीच करू नये.

थर्माकोल पाण्यावर तरंगते. सिमेंटचा लेप दिल्यावर ते जड होऊन बुडत नाही का?

ही समजूत फार पसरलेली आहे आणि तीच सर्वाधिक टाक्यांचे नुकसान करते, म्हणून हिशोबच मांडू. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. मागच्या पूर्ण काचेवर सरासरी ५ सेंटिमीटर जाडीचा देखावा बसवला, तर त्याचे आकारमान सुमारे २० लिटर होते. एवढ्या थर्माकोलचे वजन जेमतेम तीनचारशे ग्रॅम भरते, पण ते २० लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे पाणी त्याला जवळपास २० किलोच्या जोराने वर ढकलते. त्यावर ३ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा लेप दिला, तर कोरड्यात त्याचे वजन ४ किलोच्या आसपास होईल. पाण्यात मात्र त्याचा उपयोग त्याच्या निम्म्याइतकाच, कारण सिमेंटही आपल्या आकाराइतके पाणी सारतेच. उरलेला सतराअठरा किलोचा जोर सिलिकॉनच्या चिकटपणाने आणि टाकीच्या वरच्या काचपट्टीने पेलायचा असतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी, की मूळ १८२ लिटरच्या टाकीत आता १६२ लिटरच पाणी मावते. एक नवमांश पाणी कमी झाले, म्हणून माशांची संख्याही त्या बेताने ठरवावी. औषधाची मात्रा मोजतानाही नवे आकारमान धरावे.

देखाव्याचा आकार कसा ठरवावा?

परदेशी टाक्यांची छायाचित्रे समोर ठेवण्याऐवजी आपल्या भोवतालचा खडक पाहावा, असा माझा आग्रह आहे. खानदेशाची भूमी दख्खनच्या लाव्हाची आहे. एकावर एक वाहून गोठलेले बेसॉल्टचे थर सातपुड्याच्या घाटांत, तोरणमाळच्या कड्यांत आणि अजिंठ्याजवळच्या वाघूर नदीच्या घळीत स्पष्ट दिसतात. त्या कड्यांना आडवे टप्पे पडलेले असतात, आणि टाकीच्या दृष्टीने हे टप्पे फार सोयीचे असतात. प्रत्येक टप्प्यावर अनुबियास किंवा जावा फर्न यांसारखी दगडाला धरून वाढणारी पाणवनस्पती लावता येते आणि टप्प्याखालच्या कपारीत मासे विसावतात.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटकरी लाल मातीचा बारीक पट्टा दिसतो. काळ्या-करड्या देखाव्यात असा एकच लाल पट्टा, तोही मध्ये मध्ये तुटलेला, घातला तर कृत्रिमपणा एकदम कमी होतो. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून भिंतीसारख्या उभ्या निघालेल्या खडकाच्या रांगा आहेत, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. उभ्या चिरांचा देखावा हवा असेल, तर त्यांचे निरीक्षण करावे. तापीकाठच्या गाळाच्या घळींचा आकारही मोहक असतो. परंतु तिथल्या मातीचा किंवा दगडगोट्यांचा थेट वापर करू नये, कारण त्यांत चुनखडीचे खडे असतात.

आकार कोरताना एक पथ्य पाळावे. वरचा भाग जास्त पुढे आणि खालचा आत असा देखावा केला, तर खाली प्रकाश पोहोचत नाही आणि तिथे घाण साचून राहते. खालचा भाग थोडा पुढे ठेवावा, वरचा मागे घ्यावा, आणि कोणतीही कपार इतकी अरुंद ठेवू नये की मासा आत जाऊन अडकेल किंवा आपला ब्रश आत जाणार नाही.

टाकीच्या वरच्या काचपट्टीमुळे अखंड देखावा आत उतरत नाही, म्हणून तो दोन किंवा तीन तुकड्यांत करावा. सांधा सरळ न ठेवता खडकाच्या भेगेप्रमाणे वाकडातिकडा कापावा. बसवल्यानंतर त्यात सिलिकॉन भरून ते ओले असतानाच वर धुतलेली बारीक वाळू दाबली, की सांधा कुठे आहे ते ओळखू येत नाही. आतील मापापेक्षा तुकडे सर्व बाजूंनी तीनचार मिलिमीटर लहान ठेवावेत.

सिमेंटचा लेप कसा आणि केव्हा द्यावा?

केव्हा द्यावा, हे आपल्याकडे अधिक महत्त्वाचे आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही; ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेला दिवसेंदिवस ओलावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत कोरड्या वाऱ्याने तीन मिलिमीटरचा लेप तासाभरात सुकतो, क्रिया अर्धवट राहते आणि बोट फिरवले तरी भुकटी निघते. असा लेप पाण्यात गेल्यावर वर्षभर झडत राहतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर सायंकाळी, सावलीत करावे आणि रात्रभर वर ओले बारदान पांघरून ठेवावे.

पहिला हात ताकाइतका पातळ असावा, म्हणजे तो प्रत्येक छिद्रात उतरतो. लेप देण्यापूर्वी थर्माकोलवर पाणी शिंपडावे. पहिला हात घट्ट झाल्यावर, साधारण एका दिवसाने, त्याहून घट्ट दुसरा हात द्यावा, आणि याप्रमाणे तीन ते चार हातांत ३ मिलिमीटरची जाडी गाठावी. एकाच वेळी जाड थर दिला, तर तो आकसताना तडकतो. शेवटच्या दोन हातांत एक भाग सिमेंटला एक ते दोन भाग चाळलेली, धुतलेली वाळू मिसळली, तर पृष्ठभाग खडकाचा वाटतो. शेवटच्या हातानंतर किमान सात दिवस दिवसातून तीनचार वेळा पाणी मारावे आणि बारदान ओले ठेवावे.

दुकानांत सहज मिळते ते पीपीसी सिमेंट, ज्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली असते. या राखेमुळे सिमेंटमधला सुटा चुना काही प्रमाणात बांधला जातो, आणि ते आपल्या कामाला अनुकूल आहे. मात्र त्याला पूर्ण ताकद येण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून घाई करू नये. जलरोधक रसायने सिमेंटमध्ये मिसळू नयेत. त्यांतील घटक माशांना चालतात की नाही, हे डब्यावर लिहिलेले नसते.

येथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक आहे. शेतात औषध फवारण्यासाठी वापरलेला पंप, बादली, ड्रम, ब्रश किंवा मोजमापाचे भांडे या कामात कुठेही वापरू नये. कापसावर आणि केळीवर फवारल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांचा अत्यल्प अंशही माशांना मारतो. पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर माशांसाठी विशेष घातक आहेत. पाणी मारण्याच्या सोयीसाठी घरातला फवारणी पंप उचलण्याचा मोह होतो, आणि तो कितीही धुतला तरी निर्धोक मानता येत नाही. नवी बादली आणि नवा ब्रश विकत घ्यावा.

सिमेंटमुळे पाण्याचा पीएच वाढतो असे ऐकले आहे. देखावा किती दिवस भिजत ठेवावा?

ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, आणि थोड्या पाण्यात पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा (७ म्हणजे उदासीन), १२ पर्यंतही जाऊ शकतो. बहुतेक माशांना ९ च्या वरचा पीएच सोसत नाही. त्यातच पीएच जितका जास्त, तितका माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया अधिक विषारी होतो. त्यामुळे भिजवण्याचा टप्पा टाळता येत नाही.

देखाव्याचे ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे केले असतील, तर ते २०० लिटरच्या स्वच्छ ड्रममध्ये उभे मावतात. ते तरंगतात, म्हणून वर जड काळे दगड ठेवून बुडवून ठेवावेत; पाण्याने भरलेल्या बाटल्यांचे पाण्यात वजन उरत नाही. पहिला आठवडा रोज, नंतर दोनतीन दिवसांनी पाणी बदलावे. तीन ते चार आठवड्यांनी चाचणी घ्यावी : ड्रममध्ये ताजे पाणी भरून त्याचा पीएच मोजावा आणि ४८ तासांनी पुन्हा मोजावा. दोन्ही आकडे सारखे आले, तरच देखावा तयार झाला. काढलेले पाणी कुंडीत किंवा रोपांना घालू नये. पहिल्या काही दिवसांचे पाणी चांगलेच दाहक असते, आणि ते हाताळताना रबरी हातमोजे घालावेत.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. जड पाण्यातील बायकार्बोनेट आणि सिमेंटचा चुना यांच्या संयोगाने देखाव्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पांढरट साय धरते, आणि ती साय पुढचा चुना बाहेर येऊ देत नाही. म्हणजे भिजवण्यासाठी जड पाणी उपयोगाचेच आहे. परंतु पुढे टाकीत आरओचे मृदू पाणी भरणार असाल, तर तेच पाणी ही साय हळूहळू विरघळवते आणि पीएच पुन्हा चढतो. म्हणून अखेरची ४८ तासांची चाचणी, टाकीत जे पाणी भरायचे आहे त्याच पाण्यात घ्यावी.

आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना मुळातच ७.८ ते ८.६ पीएच मानवतो. त्यांच्यासाठी सिमेंटचा देखावा उत्तम. मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागणाऱ्या डिस्कस किंवा निऑन टेट्रा या माशांसाठी सिमेंट टाळून खाली दिलेला इपॉक्सीचा मार्ग धरावा.

रंग कोणते वापरावेत?

पूर्वीच्या घरांतील कोब्यासाठी वापरत ते लाल, पिवळे, काळे आणि तपकिरी ऑक्साइड हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. ही लोहाची ऑक्साइडे सिमेंटच्या चुन्याने बिघडत नाहीत आणि पाण्यात विरघळत नाहीत. ती शेवटच्या हाताच्या सिमेंटमध्येच मिसळावीत. सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत मिसळले, तरी रंग पुरेसा येतो. फार जास्त घातल्यास लेप कमकुवत होतो. ओला असताना रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर फिका पडतो, पण टाकीत तो पुन्हा ओलाच असणार, म्हणून ओल्या छटेवरूनच निवड करावी. हिरवा रंग देण्याची गरज नाही. शेवाळ ते काम दोन महिन्यांत स्वतः करते. तांब्याचे संयुग असलेला कोणताही रंग टाळावा, कारण तांबे कोळंबी आणि गोगलगाईंना मारक असते.

सिमेंटऐवजी दोन घटकांचा इपॉक्सी रेझिन वापरता येतो. तो थर्माकोल खात नाही, आणि योग्य प्रमाणात मिसळून पूर्ण कडक झाल्यावर पाण्यात काही सोडत नाही. पॉलिस्टर रेझिन, ज्याने फायबरच्या वस्तू करतात, तो मात्र थर्माकोल क्षणात विरघळवतो. स्प्रे पेंट, थिनर, पेट्रोल आणि रबरी चिकटद्रव्ये यांचाही परिणाम तोच होतो.

देखावा काचेला कशाने चिकटवावा?

फक्त व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या, बुरशीनाशक न घातलेल्या सिलिकॉनने. स्नानगृह आणि स्वयंपाकघरासाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते. नळीवर तसा उल्लेख दिसल्यास ती घेऊ नये. सुतारकामाचे पांढरे फेव्हिकॉल पाण्यात सुटते, त्यामुळे ते निरुपयोगी आहे.

टाकी पूर्ण कोरडी करून, गादीवर किंवा जाड थर्माकोलवर पाठीवर झोपवावी. काच स्पिरिटने पुसावी. देखाव्याच्या पाठीवर सिलिकॉनच्या उभ्या रेघा द्याव्यात. सपाट थर पसरू नये, कारण सिलिकॉन हवेतील ओलावा घेऊन घट्ट होते, आणि मधोमध बंद झालेल्या जाड थराला तो ओलावा पोहोचत नाही. साधारण हवेत ते दिवसाला दोनतीन मिलिमीटर खोलपर्यंत घट्ट होते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून हळू होते, म्हणून टाकीत ओले फडके घातलेली वाटी ठेवून तोंड सैल झाकावे. देखाव्यावर पाण्याच्या बाटल्यांचे वजन ठेवावे. दोन दिवसांनी सर्व कडा सिलिकॉनने बंद कराव्यात, आणि पूर्ण एक आठवडा टाकीला हात लावू नये. आंबट वास संपूर्ण गेल्यावरच पाणी भरावे. वाळू घालण्यापूर्वी टाकी दोन दिवस नुसत्या पाण्याने भरून ठेवावी, म्हणजे एखादा कोपरा सुटत असेल तर तेव्हाच कळतो.

खऱ्या दगडाच्या पातळ चिपा, फरशी किंवा पीओपी वापरले तर?

आपल्या शिवारातला काळा बेसॉल्ट निर्धोक असतो. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसले, तर मात्र तपासणी करावी. जळगाव परिसरातील खाणींत सापडणारे झिओलाइट पाण्याला बाधक नसते. पण तसेच दिसणारे कॅल्साइटही त्या पोकळ्यांत असते. दगडावर व्हिनेगर टाकून बारकाईने पाहावे. बुडबुडे आले, तर त्यात चुना आहे आणि तो दगड पाण्याचा जडपणा वाढवणार.

या कसोटीवर शहाबादी फरशी उतरत नाही, कारण ती चुनखडकाची असते. ओट्यावरचा काळा कडप्पा बेसॉल्टसारखा दिसतो म्हणून अनेकजण तो निःशंकपणे घालतात. पण तोही चुनखडकच आहे. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात हळूहळू विरघळत राहते आणि मऊ पडते. शाडूमाती तर पाणी गढूळच करते. याउलट जुन्या मंगलोरी कौलांचे किंवा बिनझिलईच्या भाजक्या मातीचे तुकडे अत्यंत चांगले. ते काचेवर एकावर एक सिलिकॉनने बसवले, तर सिमेंट आणि भिजवणे या दोन्हींची गरज उरत नाही. वजन वाढते, तेवढे स्टँडच्या मजबुतीकडे पाहावे.

फिल्टर आणि हीटर देखाव्याच्या मागे लपवता येतात का?

येतात, आणि त्यासाठी एका कोपऱ्यात १० ते १२ सेंटिमीटर रुंदीची जागा सोडावी. पाणी आत येण्याची फट आणि बाहेर जाण्याची नळी एकाच बाजूला ठेवू नयेत. पाणी पूर्ण पोकळीतून फिरले पाहिजे. फटीवर प्लास्टिकची बारीक जाळी बसवावी, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल नळी, तिचे कोपरे आणि जोड आपल्याकडे कुठेही मिळतात, आणि पंपाचे पाणी देखाव्यातून बाहेर काढण्यासाठी त्या फारच सोयीच्या पडतात. शेतात वापरलेली, खते-औषधे गेलेली नळी मात्र घेऊ नये.

हीटर थर्माकोलला टेकता कामा नये, कारण तापल्यावर थर्माकोल मऊ पडून आकसते. हीटरभोवती वाहते पाणी असावे आणि तो दुरुस्तीसाठी वर काढता यावा.

वीज बराच वेळ गेली, तर मागच्या पोकळीतील पाण्याचा प्राणवायू संपत जातो. ३० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. म्हणून उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्यावा.

जावा मॉसची हिरवी भिंत खानदेशात टिकते का?

हिवाळ्यात आणि पावसाळ्यात उत्तम टिकते. प्लास्टिकच्या दोन जाळ्यांमध्ये या मॉसचा, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या नाजूक हिरव्या वनस्पतीचा, पातळ थर ठेवून त्या तंगुसाने शिवाव्यात आणि काचेला रबरी चोखण्यांनी लावाव्यात. पाणी ३० अंशांच्या वर सतत राहिले, की मॉस पिवळे पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास कोरड्या हवेत बाष्पीभवन वेगाने होऊन पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. कोरड्या उन्हाळ्याचा हा एक मोठा फायदा आहे. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी, कारण क्षार उडत नाहीत आणि बोअरचे पाणी ओतत राहिल्यास ते साचत जातात.

कोणत्या माशांसाठी असा देखावा करू नये?

सकर मासा उघड्या थर्माकोलला खरवडतो, आणि ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न धडका देऊन किंवा उकरून लेप फोडतात. सुटलेले पांढरे दाणे मासे अन्न समजून गिळतात आणि त्यांची आतडी बंद होतात. असे मासे पाळायचे असल्यास लेप किमान ५ मिलिमीटर द्यावा किंवा कौलांचा देखावा करावा.

देखाव्यावर पांढरा थर आणि शेवाळ धरते. काय करावे?

पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर क्षारांचा असतो. पाणी बदलताना पातळी खाली गेली, की व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून नंतर साध्या पाण्याने पुसावा. शेवाळाला मी हटवू देणार नाही. पातळ हिरवा-तपकिरी थर देखाव्याला खरेपणा देतो आणि लहान माशांना चरायला मिळते. काळी, केसाळ गुच्छे वाढू लागली, तर दिवा लावून ठेवण्याचे तास कमी करावेत आणि नव्या टूथब्रशने ती घासून काढावीत.

पुढे देखावा काढायचा झाल्यास?

मासे आणि पाणी दुसरीकडे हलवून टाकी कोरडी करावी. वरच्या कडेतून तंगूस आत घालून, दोन्ही टोके धरून करवतीप्रमाणे खाली ओढत आणावे. त्याने सिलिकॉन कापले जाते आणि काचेला धक्का लागत नाही. पहारीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. काचेवर उरलेले सिलिकॉन ब्लेडने शक्य तितके खरवडून स्पिरिटने पुसावे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. हे करताना टाकीच्या काचांच्या मूळ सांध्यांतले सिलिकॉन कापले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. तरीही एखाद्या सांध्याला ब्लेड लागल्याची शंका आली, तर मासे परत सोडण्यापूर्वी टाकी अंगणात तीन दिवस भरून ठेवावी.